एका किनाऱ्यावरचा भराव किती दूरवर जाणवतो?

पाणकणीस:
भराव, बांध, कालवे असा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नुकसान होईल, पण तेवढ्या जागेपुरतं." मला ते पटत नाही. पण 'निसर्गात सगळं जोडलेलं असतं' एवढं म्हणून समोरच्याला काहीच दिसत नाही. नावागावासकट एखादं उदाहरण कुणी सांगेल का?

टिटवी:
सेमांगुमचं सांगा. मी बरीच वर्षं ओहोटीला दुर्बीण घेऊन चिखलातले पक्षी मोजतो, म्हणून ते नाव डोक्यातून जात नाही.

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ३३ किलोमीटर लांब भिंत घातली आणि २००६ मध्ये समुद्राची वाट अडवली. आतला सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा भाग भरतीला मुकला. शिंपले मेले, आणि ते वेचून घर चालवणाऱ्या बायकांचं कामही गेलं. इथवर ते 'जागेपुरतं' म्हणता येईल.

पण ग्रेट नॉट हा छोटा पक्षी ऑस्ट्रेलियातून निघून सायबेरियात घरटं करायला जातो, आणि वाटेत याच चिखलावर उतरायचा. तिथे पोटभर शिंपले खाऊन अंगावर चरबी चढली तरच पुढचा पल्ला झेपतो. भिंत झाल्यावर तिथले सुमारे ९०,००० ग्रेट नॉट दिसेनासे झाले. शेजारच्या चिखलावर गेले असतील म्हणावं, तर तिकडे ते वाढले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत मात्र संख्या घसरली. तिथल्या किनाऱ्याला कुणी हातही लावला नव्हता! मोजणारा म्हणून सांगतो, ओळीने रिकामे रकाने भरताना हात जड होतो.

वाळूचा कण:
वाऱ्याचंही असंच. चाडमधलं बोडेले हे एका प्राचीन सरोवराचं सुकलेलं तळ. तिथली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर पडते. सहारातून येणाऱ्या धुळीबरोबर त्या जंगलाला वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस मिळतो, पावसात जवळपास तेवढाच वाहून जातो. मध्य आशियातल्या अरल समुद्राची धूळ उलट्या गुणाची: कापसासाठी नद्या वळवल्या, तळ उघडा पडला, आणि वाऱ्याबरोबर मीठ नि कीटकनाशकं माणसांच्या छातीत गेली.

पाणकणीस:
दोघांचेही आभार. टिटवी, हे माघारी फिरवता येतं का?

टिटवी:
थोडं येतं. अरलच्या उत्तर भागात २००५ मध्ये कोक-अरल बांध पुरा झाला. पाणी चढलं, खारटपणा उतरला, मासे परतले. पण दक्षिणेचा बराचसा समुद्र गेला तो गेलाच. चीनने २०१८ मध्ये किनाऱ्यावरच्या व्यापारी भरावांना अटकाव केला, त्याने मला खरंच हायसं वाटलं. सेमांगुमच्या भिंतीत दोन ठिकाणी पाण्याची दारं आहेत. ती उघडली की खारं पाणी आत येतं. ती जास्त वेळ उघडी ठेवा, असं तिथले लोक मागत आले आहेत.