वाट बघताना देवाच्या कृपेवर भरवसा कसा ठेवायचा?

प्रश्न: जय ख्रिस्त सगळ्यांना. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, ट्रीटमेंट चालू आहे. चर्चमध्ये कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की मी मागच्या बाकावर बसून नुसतं गीतांचं पुस्तक चाळत राहते. लोक म्हणतात तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच असं असतं का?

उत्तर: नाही हो ताई! बायबलमधलं १ शमुवेल १ वाचा, मूल नसलेली हन्ना देवळात इतकी रडत होती, नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीये. तिचं ते रडणंच प्रार्थना होती.

उत्तर: बायबलमधल्या योसेफाचंही बघा, काही गुन्हा नसताना तुरुंगात होता. राजाचा प्यालेबरदार (राजाला पेय देणारा सेवक) सुटल्यावर त्याला विसरला आणि योसेफ अजून दोन वर्षं तुरुंगातच. पण परमेश्वर त्याच्याबरोबर होता हे उत्पत्ति ३९ मध्ये तुरुंगातलंच सांगितलंय, सुटकेनंतरचं नाही, म्हणजे कृपा आधीपासूनच चालू होती.

उत्तर: एक स्पष्ट सांगतो, हन्नासारखं सगळ्यांनाच मूल होईल असं वचन नाहीये. प्रेषित पौलाने देवाला तीनदा विनवलं तरी त्याच्या शरीरातला काटा (म्हणजे त्याला छळणारा त्रास) गेला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढंच उत्तर मिळालं, मग त्याचाही विश्वास कमी होता का? ट्रीटमेंट सोडू नका. आणि स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, दावीदही देवाला 'किती वेळ' असंच विचारतोय.