मदत हवी आहे: छोट्या व्यवसायाचं व्हिजन दोन ओळींत नेमकं कसं लिहायचं?

दुहेरी_टाका (सोमवार, रात्री १०:४०)
सरळ मुद्द्यावर येते. छोटा व्यवसाय आहे, तिसरं वर्ष चालू आहे. काम भरपूर, दिशा नाही. व्हिजन लिहायला चार वेळा बसले. चारही वेळा 'दर्जेदार उत्पादनं, समाधानी ग्राहक' असलंच काहीतरी कागदावर आलं. ते वाचून उद्या सकाळी कुठलं काम आधी घ्यायचं हे अजिबात कळत नाही. शुक्रवारपर्यंत ठरवायचंच आहे. 'शांत बसून विचार करा' असं कृपया सांगू नका, तो करून झाला. रीत सांगा. नमुना दिलात तर फार बरं.

चौकस (सोमवार, रात्री १०:५८)
व्यवसाय कशाचा? माल बनवता की सेवा देता? माणसं किती? आणि शुक्रवारी काय आहे?

मोकळं_आभाळ (सोमवार, रात्री ११:१५)
दहा वर्षांनंतरचा एक साधा कामाचा दिवस लिहून काढा. वर्तमानकाळात, एक पान, घड्याळ लावून ४५ मिनिटं, मध्ये खोडायचं नाही. सकाळी दार कोण उघडतं, टेबलावर कुठला माल आहे, फोन कोणाचा येतो, तुम्ही स्वतः काय करता आणि कोणत्या कामाला हात लावत नाही, हे सगळं त्यात यायला हवं. एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी लाल पेनानं सगळी विशेषणं खोडा. 'उत्तम', 'सर्वोत्कृष्ट', 'विश्वासार्ह' गेल्यावर जी नामं आणि आकडे उरतील, तेच तुमचं व्हिजन. बहुतेकांचं पान इथे अर्धं होतं आणि ते चांगलंच आहे.

दुहेरी_टाका (मंगळवार, सकाळी ७:०५)
पिशव्या शिवतो. चार मशीन आहेत. कोणी नमुना देईल का?

चौकस (मंगळवार, सकाळी ७:३०)
ताई, 'पिशव्या' एवढ्यावर नमुना कसा देणार? कुठल्या पिशव्या, कोणासाठी? मशीन साध्या की वॉकिंग फूट (जाड मालाचे वरचे-खालचे थर एकदम पुढे ओढणाऱ्या)? शिवणारे किती? शुक्रवारचंही उत्तर राहिलंय.

पानगळ (मंगळवार, सकाळी ८:१२)
व्हिजनच्या आधी नाव सुरक्षित करा. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवा विभागणाऱ्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. दप्तरं, प्रवासी पिशव्या वर्ग १८ मध्ये येतात, पण लॅपटॉपसाठी खास बनवलेल्या बॅगा वर्ग ९ मध्ये आणि वाद्यांच्या केस वर्ग १५ मध्ये. एकाच वर्गात अर्ज केला तर बाकीचा माल उघडा राहतो.

दुहेरी_टाका (मंगळवार, दुपारी १:२०)
पानगळ, धन्यवाद, पण मी नावाचं विचारलं नव्हतं.
चौकस, आम्ही पाच प्रकार करतो: दप्तरं, लॅपटॉप बॅगा, कंपन्या वाटतात त्या छापील कापडी पिशव्या, गिटार-कीबोर्डच्या गवसण्या, आणि दुरुस्ती (चेन, बंद, बकल). तीन साध्या लॉकस्टिच मशीन, एक वॉकिंग फूट. शिवणारे तिघं, त्यात मी. कापणी भाऊ करतो.

साचेबंद (मंगळवार, दुपारी २:०५)
तुमची अडचण व्हिजनची नाहीच, मशीन बदलून लावण्याची आहे. दप्तराच्या अस्तरावरून जाड कॅनव्हासवर गेलात की ९० ची सुई काढून ११० ची घाला, दोरा बदला, वरचा आणि बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या रिळाचा) ताण जुळवा, टाका ३ मिमीवरून ४ वर न्या, चिंधीवर चालवून पाहा. यात सहज १५ मिनिटं जातात. तीन मशीनवर दिवसातून चार वेळा हे झालं तर रोजचे तीन तास गेले. ताण नीट न जुळवता घाई केली तर खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते आणि उसवण्यात आणखी वेळ जातो.
टोयोटात शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी १९६९ मध्ये पत्रा दाबायच्या १००० टनी प्रेसवरचा साचा बदलायचा वेळ चार तासांवरून आधी ९० मिनिटांवर आणि मग ३ मिनिटांवर आणला. मशीन चालू असताना करता येतात ती कामं आणि मशीन थांबवूनच करावी लागतात ती कामं त्यांनी वेगळी काढली. तुम्हीही बॉबिन आधीच भरून ठेवा, प्रत्येक मालाचा दोरा-सुई-टाका एका पत्त्यावर लिहून मशीनला लटकवा, एक मशीन कायम जाड मालासाठी लावून ठेवा. मग पाचही प्रकार सुखानं चालतील.

काटेकोर (मंगळवार, दुपारी ३:४०)
साचेबंद, वेळ वाचवायची रीत बरोबर, निष्कर्ष चुकीचा. पाच प्रकार म्हणजे कापणीचे पाच संच साचे, पाच प्रकारचं कापड पडून, पाच तऱ्हेचे ग्राहक. ते काही पत्ता लटकवून कमी होत नाही.
ताई, प्रत्येक प्रकाराचे तीन आकडे द्या: विक्रीची किंमत, कापड-चेन-दोरा-फोम मिळून कच्च्या मालाचा खर्च, आणि एका नगाला लागणारी शिवणीची मिनिटं. खऱ्या किमती इथे लिहायच्या नसतील तर दप्तराची किंमत १०० धरून बाकीच्या त्या प्रमाणात लिहा. मिनिटं अंदाजानं नकोत. सलग दहा नग शिवताना घड्याळ लावा, त्यात दोरा तुटणं आणि उसवणंही धरा.

दुहेरी_टाका (मंगळवार, रात्री ९:५०)
मिनिटं आजच मोजली.
दप्तर: किंमत १००, माल ५८, ५५ मिनिटं.
लॅपटॉप बॅग: १३०, ७०, ७५ मिनिटं.
छापील पिशवी: १८, ११, ६ मिनिटं.
गवसणी: १९०, ८५, ९० मिनिटं.
दुरुस्ती: १४, २, २० मिनिटं.

काटेकोर (मंगळवार, रात्री १०:२५)
किमतीतून माल वजा केला आणि शिवणीच्या तासाला काय उरतं ते काढलं: दप्तर ४६, लॅपटॉप बॅग ४८, छापील पिशवी ७०, गवसणी ७०, दुरुस्ती ३६. दुरुस्तीत ग्राहकाशी बोलणं, चेनचा रंग शोधणं याची १५ मिनिटं धरली तर ती २१ वर येते. लॅपटॉप बॅग सगळ्यात मानाची वाटते, पण दप्तराच्या जेमतेम पुढे आहे. दुरुस्ती आजच बंद करा. दप्तर आणि लॅपटॉप बॅग हातातल्या ऑर्डरी संपल्या की बंद.

मोकळं_आभाळ (मंगळवार, रात्री १०:४८)
हिशेब मागचं दाखवतो, पुढचं नाही. दोन्हीकडे ७० आलेत, मग निवडणार कशावरून? तिथे तुमचा हिशेब थांबतो. म्हणूनच आधी पान लिहा म्हणालो.

काटेकोर (मंगळवार, रात्री ११:०२)
आणि तुमच्या पानावर लॅपटॉप बॅगा आल्या असत्या तर दहा वर्षं ४८ वर राबायचं? आधी आकडे, मग स्वप्न.

आडवाट (बुधवार, सकाळी ६:५०)
८०-२० चा नियम लावा. २० टक्के मालातून ८० टक्के उत्पन्न येतं. तेवढाच माल ठेवा, विषय संपला.

काटेकोर (बुधवार, सकाळी ७:१५)
तो नियम नाही, निरीक्षण आहे. ८० हे फळाचं प्रमाण आणि २० हे कारणांचं, त्यांची बेरीज १०० यायलाच हवी असंही काही नाही. पाच प्रकारांत २० टक्के म्हणजे एक प्रकार. तो कुठला, हे त्यातून कळत नाही.

चौकस (बुधवार, सकाळी ८:००)
ताई, दोन प्रश्न. गवसण्या महिन्याला किती जातात आणि ते गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत येतं कसं? आणि शुक्रवार. तिसऱ्यांदा विचारतोय.

दुहेरी_टाका (बुधवार, दुपारी १:३५)
गेल्या महिन्यात २२ गवसण्या. बरेचसे लोक जुन्या गवसणीची चेन बदलायला येतात आणि मग नवीनच शिवून घेतात.
शुक्रवारी एका कंपनीला कळवायचंय. ६००० छापील पिशव्या, आठ आठवड्यांत. भाऊ म्हणतो घ्यायचीच. मला नको वाटते, पण कारण सांगता येत नाही. म्हणून म्हटलं व्हिजन ठरलं तर त्याला दाखवता येईल.

चौकस (बुधवार, दुपारी २:१०)
मग खरा प्रश्न हा आहे, आणि तो आज बाहेर आला. भावाला दाखवायला व्हिजन लिहू नका, ते वकिलाच्या नोटिशीसारखं वाटेल. आज रात्री दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, २० मिनिटांत, एकमेकांना न दाखवता पाच गोष्टी लिहा: आपलं गिऱ्हाईक कोण, दोन वर्षांनी कुठला माल बंद झालेला हवा, आठवड्याला किती तास काम करायचं, व्यवसायातून घरी दरमहा किती न्यायचं, किती मोठी ऑर्डर आली की नाही म्हणायचं. मग कागद अदलाबदल करा आणि जिथे जुळत नाही तेवढ्यावरच बोला. बहुतेक वेळा भांडण मालावरून दिसतं, असतं तिसऱ्या-चौथ्या ओळीवरून. त्याला यंदा पैसे हातात हवे असतील तर तसं सरळ बोलता येईल.

काटेकोर (बुधवार, दुपारी २:४५)
ऑर्डरचा हिशेब मांडतो. ६००० नग, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ३६००० मिनिटं, ६०० तास. तिघं जण, आठ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, प्रत्यक्ष सुई चालते असे दिवसाचे साडेसहा तास धरले तर तुमच्याकडे ९३६ तास आहेत. म्हणजे ६४ टक्के वेळ एकाच गिऱ्हाइकाला. छपाईत रंग सरकला, पट्ट्यांची लांबी चुकली की तो आकडा वर जाणार. पैसे कधी मिळणार हे विचारलंय का? साठ दिवसांनी मिळणार असतील तर कापड तुमच्या पैशातून आणि ७० हा आकडा कागदावरच. निम्मी रक्कम आधी, मंजूर नमुन्यावर सही, आणि टप्प्याटप्प्यानं माल, प्रत्येक टप्प्याचे पैसे आल्यावर पुढचा. हे मान्य नसेल तर ऑर्डर घेऊ नये.
आणि दुरुस्ती बंद करा म्हणालो ते मागे घेतो. चेन बदलायला येणारा माणूस गवसणी घेऊन जात असेल तर ती २१ ची मिनिटं विक्रीची आहेत. पण दप्तराची बकल आणि पर्सचे बंद कशाला? दुरुस्ती फक्त गवसण्यांची ठेवा. ऑर्डर-वही काढून मोजा: गवसणीच्या दुरुस्त्या किती आणि त्यातल्या कितींनी नवीन शिवून घेतली.

मोकळं_आभाळ (बुधवार, दुपारी ३:२०)
हे मला पटलं. ताई, व्हिजन म्हटलं की लोक आकाशाला गवसणी घालणारी वाक्यं लिहायला बसतात. तुमच्या हातात खरीखुरी गवसणी आहे, तिच्यापासून सुरुवात करा. नमुना मागत होतात, हा घ्या:
'गिटार आणि कीबोर्ड घेऊन रोज ये-जा करणाऱ्यांसाठी मापानं शिवलेली, चेन गेली तरी टाकून द्यावी लागू नये अशी गवसणी. दप्तरं आणि लॅपटॉप बॅगा आम्ही करत नाही.'
दुसरं वाक्य काढू नका. ज्या वाक्यामुळे एकही ऑर्डर नाकारली जात नाही ते कामाचं नाही. 'दर्जेदार उत्पादनं, समाधानी ग्राहक' यानं तुम्ही काय नाकारलं असतं? लिहिलेलं वाक्य गेल्या वर्षातल्या दहा ऑर्डरींना लावून पाहा. दहाही पास झाल्या तर वाक्य सैल आहे, एकही झाली नाही तर ते दुसऱ्याच कोणाच्या व्यवसायाचं आहे.

साचेबंद (बुधवार, दुपारी ४:००)
गवसणीचीही हद्द आखा, नाहीतर विस्तार तिथेही होतो. गिटारचे ड्रेडनॉट (मोठ्या अंगाची गिटार), क्लासिकल, इलेक्ट्रिक असे तीन साचे लागतात. व्हायोलिन घेतलंत की ४/४, ३/४, १/२ अशी मापंच मापं. कीबोर्ड ६१ आणि ८८ पट्ट्यांचे, आणि एकाच पट्टीसंख्येत लांबी-रुंदी कंपनीगणिक वेगळी. सहा साच्यांच्या वर वर्षभर जाऊ नका.

दुहेरी_टाका (गुरुवार, रात्री १०:३०)
वही मोजली. १४ महिन्यांत गवसणीच्या ४१ दुरुस्त्या, त्यातल्या १७ जणांनी नवीन शिवून घेतली. दप्तर-पर्सच्या दुरुस्त्या याच्या तिप्पट, त्यातून नवीन ऑर्डर एक.
कागद अदलाबदल केले. पहिल्या दोन ओळी आमच्या जवळपास सारख्या निघाल्या. चौथ्या ओळीत फरक होता, भावाला या सहामाहीत ठरावीक रक्कम लागणार आहे, ते त्यानं सांगितलं नव्हतं. कंपनीला उद्या कळवतोय: २००० नग, १००० चे दोन टप्पे, निम्मे पैसे आधी. नाही म्हणाले तर नाही. दप्तराची नवी ऑर्डर आजपासून बंद, पाटी लिहिली. लॅपटॉप बॅगांच्या सहा हातात आहेत, त्या संपवून थांबणार.
एक विचारायचं राहिलं. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गवसण्यांची चेन गिटारच्या खांद्याच्या वळणावरच उघडते. आम्ही ५ नंबरची लावतो. ८ लावू की १०?

साचेबंद (गुरुवार, रात्री ११:०५)
८, कॉइलची (नायलॉनच्या वेटोळ्याचे दात असलेली). मोल्डेड, म्हणजे सुट्या प्लास्टिक दातांची चेन वळणावर ताठ राहते आणि स्लायडर तिथेच अडकतो. १० नंबर लांब सरळ बाजूला चांगली, खांद्याच्या लहान वळणावर तीही जड जाते. वळण थोडं मोठं करा, आणि चेन शिवताना वळणावर कापड ताणू नका, ताणलं की फोम आत बसल्यावर दातांवर आडवा ओढा येतो आणि ती तिथूनच उघडते. खालचं टोकही बघा. गिटारच्या पट्ट्याचं बटण तळाला घासून भोक पाडतं, तिथे आतून रेक्झिनचा दुहेरी तुकडा लावा. वॉकिंग फूटवर घ्या, साध्या मशीनवर वरचा थर मागे राहील.

चौकस (गुरुवार, रात्री ११:२०)
त्या ४१ जणांचे नंबर वहीत असतील तर न घेतलेल्या २४ जणांना विचारा, नवीन का नाही शिवून घेतली. माप, दिवस की किंमत?