एक्स-१७ : उंचवट्यावर उभा केलेला कण?

काटेकोर (चर्चाप्रस्ताव)

हंगेरीतील डेब्रेत्सेन येथील ‘अटोम्की’ या अणुसंशोधन संस्थेतील अत्तिला क्रास्नाहोर्काय यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षावर अजूनही ‘पाचवे बल सापडले’ (म्हणजे निसर्गातील चार ज्ञात बलांखेरीज आणखी एक) अशा थाटात लिहिले जाते, म्हणून हा प्रस्ताव. लिथियम-७च्या पातळ थरावर प्रोटॉनांचा झोत सोडला की बेरिलियम-८चे उत्तेजित अणुकेंद्र तयार होते. ते खालच्या पातळीवर उतरताना बहुधा गॅमा किरण बाहेर पडतो, क्वचित त्याऐवजी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते. या दोघांमधला कोन जितका मोठा, तितक्या जोड्या कमी, असे प्रस्थापित गणित सांगते. डेब्रेत्सेनच्या आलेखात मात्र १८.१५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे, आणि पर्यायाने कणाच्या वस्तुमानाचेही एकक) ऊर्जेच्या पातळीवरून उतरताना १४० अंशांच्या आसपास उंचवटा दिसला, आणि सुमारे १७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा नवा कण (एक्स-१७) क्षणात फुटून ही जोडी देतो, असा त्याचा अर्थ लावला गेला; असा कण नव्या बलाचा वाहक ठरू शकतो.

हा उंचवटा ६.८ सिग्माचा (सिग्मा जितका जास्त, तितका तो निव्वळ योगायोग असण्याचा संभव कमी) असल्याचे वारंवार सांगितले जाते; पण सिग्मा केवळ योगायोगाचा हिशेब देतो, उपकरणाच्या खोडीचा नाही. शिवाय याच गटाने पूर्वी वेगळ्या वस्तुमानांच्या कणांची चिन्हे मांडली होती आणि ती टिकली नाहीत. त्यामुळे स्वतंत्र पडताळा मिळेपर्यंत या उंचवट्यासाठी नवा कण आणि नवे बल मांडणे ही घाई आहे, असे माझे मत आहे.

ऋणभार

घाईचा आरोप मान्य नाही. बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या प्रक्रियेत) इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा मेळ बसेना, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका न दिसणाऱ्या उदासीन (विद्युतभार नसलेल्या) कणाची, म्हणजे आजच्या न्यूट्रिनोची, कल्पना पत्राने कळवली. त्या वेळी नील्स बोर यांच्यासारखा माणूस ऊर्जेच्या अक्षय्यतेलाच मुरड घालायला तयार होता. न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडायला कावन आणि राइन्स यांना १९५६ उजाडले. तोपर्यंत पाउलींनी गप्प बसायला हवे होते का?

काटेकोर

न्यूट्रिनोचे उदाहरण अशा प्रत्येक वादात निघते; आर-के (म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रमाणांचे गुणोत्तर) मात्र कोणाला आठवत नाही. बी मेसॉन या अल्पायुषी कणाच्या क्षयात म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि इलेक्ट्रॉन सारख्या प्रमाणात निघत नाहीत, असे सर्न या युरोपीय कणसंशोधन संस्थेच्या एलएचसीबी प्रयोगातून २०१४ पासून दिसू लागले. २०२१ मध्ये ती तफावत ३.१ सिग्मापर्यंत पोहोचली आणि लेप्टोक्वार्क नावाच्या कल्पित कणावर निबंधांचा पाऊस पडला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने, इलेक्ट्रॉन समजून मोजले गेलेले दुसरे कण नीट वजा केल्यावर, गुणोत्तर अपेक्षेप्रमाणेच असल्याचे जाहीर केले.

दुसरे असे की, पाउलींचा एकच कण सगळ्या बीटा क्षयांना पुरला. एक्स-१७चे तसे नाही. पायॉन या अल्पायुषी कणाच्या क्षयात सर्नच्या एनए४८/२ प्रयोगाला असा कण दिसला नव्हता; तेव्हा कॅलिफोर्नियातील जोनाथन फेंग आणि सहकाऱ्यांनी हा कण न्यूट्रॉनशी संबंध ठेवतो, प्रोटॉनला मात्र जवळजवळ टाळतो, अशी सोय करून दिली. पुरावा आडवा आला की कणाला नवा स्वभाव चिकटवायचा, याला मी स्पष्टीकरण म्हणत नाही.

झरोका

काटेकोर यांनी डेब्रेत्सेनच्याच गटाचा हेलियम-४वरचा २०१९चा प्रयोग वगळला आहे. तिथे उपलब्ध ऊर्जा जास्त असल्याने, वस्तुमान तेच धरले तर जोडीतला कोन लहान व्हायला हवा. आणि उंचवटा खरोखरच ११५ अंशांजवळ दिसला. उपकरणाची खोड ऊर्जेप्रमाणे नेमकी इतकीच सरकावी, हे मला अवघड वाटते. (तरीही मोजणारा गट तोच होता, ही खंत मलाही आहे.)

काटेकोर

म्हणूनच स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेचा मेग-२ प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी लिथियमवरची हीच अभिक्रिया वेगळ्या उपकरणाने तपासली आणि २०२४ मध्ये लक्षणीय काही आढळले नाही असे सांगितले.

ऋणभार

त्यातला आकडाही सांगा की. डेब्रेत्सेनचा दावा १० लाख गॅमा किरणांमागे सुमारे ६ कणांचा आहे. मेग-२ने १८.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पातळीसाठी घातलेली वरची मर्यादा १० लाखांमागे १२ची आहे, म्हणजे दावा त्या मर्यादेच्या आत आरामात बसतो. ज्या चाळणीची भोके खड्याहून मोठी, तिच्यात खडा राहिला नाही म्हणून तो नव्हताच असे ठरत नाही.

आणि कण सुचवण्याचा उपयोग काय, तर इटलीत फ्रास्काती येथील पाडमे प्रयोग पाहा. वस्तुमान ठरलेले असल्यामुळेच तिथे पॉझिट्रॉनांचा झोत २८० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आणून, हिऱ्याच्या पातळ पापुद्र्यावर सोडून, थेट हा कण घडवता येतो का ते पाहता आले. अणुकेंद्राच्या पातळ्यांचा त्यात संबंधच नाही.

काटेकोर

पाडमेचा प्रयोग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, हे मोकळेपणाने सांगतो. २०२५ मध्ये त्यांनी १६.९ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ किंचित आधिक्य दाखवले. पण शोधलेला वस्तुमानांचा सगळा पट्टा हिशेबात घेतला की ते २ सिग्माच्याही खाली येते. तेवढ्यावर मी मत बदलणार नाही. अधिक मोजणीनंतर तोच उंचवटा त्याच जागी ५ सिग्मापर्यंत वाढला, तर बदलीन.

झरोका

आणि तो सपाट झाला, तर हेलियमचे ११५ अंश कशामुळे आले, याचे उत्तर तुम्हाला शोधावे लागेल. आजवर अणुकेंद्राच्या रचनेवरून दिलेले एकही उत्तर मला पटलेले नाही.