सेमी-ऑटो जुनी लष्करी रायफल: गरँड की एसकेएस?

गंगापूररोडकर: संग्रहासाठी एक जुनी सेमी-ऑटो रायफल (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप भरणारी) हवी आहे, अमेरिकन गरँड किंवा सोव्हिएत एसकेएस. नाशिकमध्ये परवाना मिळेल का? नाहीतर टेक्सासचा भाचा तिथे घेणार आहे, त्याला काय सांगू?

देवळालीकर: इथे विसरा. शस्त्र नियम २०१६ नुसार सेमी-ऑटो रायफल प्रतिबंधित गटात मोडते, .३०३ बोअरही (नळीचा व्यास, इंचात) तसाच. नेहमीचा परवाना .३१५ बोल्ट-अ‍ॅक्शनचा, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी ओढायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच शस्त्रं, म्हणजे संग्रह कसला डोंबलाचा!

भाच्याने गरँड घेतली तर पॉलिशवर भाळू नये, नळी पाहावी. थ्रोट (काडतुसाच्या पुढची नळीची सुरुवात) आणि तोंड, दोन्हीकडची झीज गेजने मोजून घ्यायची. काडतुसं .३०-०६ ची, पण शिकारीची जड गोळीवाली नकोत. त्यांच्या गॅसच्या दाबाने ऑपरेटिंग रॉड (गॅसच्या जोराने बोल्ट मागे नेणारा दांडा) वाकतो. १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) गोळीची, खास गरँडसाठी बनवलेली घ्यावीत.

नाशिकरोड_६९: एसकेएस असेल तर आधी बोल्ट (काडतूस नळीत ढकलून बंद करणारा भाग) सुटा करून उघडा. साठवणीचं घट्ट ग्रीस आत राहिलं की फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) पुढे अडकते, मग चाप न ओढताच बार उडतो, कधीकधी लागोपाठ. पिन काढून मिनरल स्पिरिटने धुवा. जोडल्यावर बोल्ट कानाशी हलवा, पिन खुळखुळली पाहिजे.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधले (ठिणगी पाडणारी बुडाची टोपी) क्षार गंज आणतात. त्याच दिवशी नळी, पिस्टन, गॅस ट्यूब गरम पाण्याने धुवून, कोरडं करून तेल लावा. नुसत्या तेलाने क्षार निघत नाहीत.

गंगापूररोडकर: आभार. गरँडच सांगतो. आठ गोळ्या एकत्र धरणाऱ्या क्लिपा वेगळ्या घ्याव्या लागतात का?

देवळालीकर: हो, क्लिपशिवाय रायफल एकेक गोळी भरूनच चालते. दहाएक घेऊ दे.