फ्लोअरबॉल नक्की काय असतं? नाशिककर सांगा

इंदिरानगरकर: मुलगी सातवीत आहे, शाळेत फ्लोअरबॉल सुरू करतायत, पावसाळ्यात मैदानावर नुसता चिखल म्हणून हॉलमधला खेळ बरा वाटतोय पण लागेल का हो?

स्टिकवाला: बिनधास्त घाला ताई! हॉकीसारखाच पण बॉल प्लास्टिकचा, भोकाभोकाचा, जेमतेम 23 ग्रॅमचा. मूळ स्वीडनचा, 1970च्या दशकातला. एका टीमचे 5 जण आणि गोलकीपर, त्याला स्टिकच नसते, गुडघ्यावर बसून हातापायानं अडवतो, बघायलाच भारी! दुसऱ्याच्या स्टिकवर मारलं की फाऊल.

पंचवटी_पालक: स्टिक उंचीप्रमाणेच घ्या, उभी धरली की बेंबीच्या जरा वर यावी, आखूड असली की पोरं वाकून खेळतात न पाठ धरते. डोळ्यांना गॉगल हवाच.