जर्सी सिटी: 'फक्त मराठी कुटुंबास' असं जाहिरातीत लिहिलं तर चालतं का?

आभा_जेसी:
आमचं दोन बिऱ्हाडांचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वरचा मजला एक तारखेला रिकामा होतोय. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'फक्त मराठी कुटुंबास देणे आहे' असं टाकणार होते. मैत्रीण म्हणते, हा भेदभाव. हे म्हणतात, मालक स्वतः राहत असेल तर कायदा लागूच होत नाही. खरं काय?

रेवामावशी:
आभा, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. 1968च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये (घर देताना भेदभावाला मनाई करणारा फेडरल, म्हणजे देशभराचा कायदा) सूट आहे: चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांची इमारत, आणि त्यातल्या एकात मालक राहत असला पाहिजे. तिला इथे 'मिसेस मर्फी'ची सूट म्हणतात. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा अधिक कडक आहे, त्यात ही सवलत दोन बिऱ्हाडांच्या घरापुरतीच. तुझं घर दोन्हींत बसतं.
पण फेडरल कायद्यात जाहिरातीला ही सूट नाही! 'फक्त मराठी' म्हणजे मूळ देशावरून निवड, आणि ती लिहून कळवणं मिसेस मर्फीलाही मना आहे. ग्रुपवरचा मेसेजही त्यात आला. वंशावरून नकार तर कुणालाच देता येत नाही. 1866चा जुना कायदा त्याला आडवा येतो, त्यात मालकाला सूटच नाही.
एक सांगते. आम्ही नवीन आलो तेव्हा दुसऱ्या राज्यात तीन बिऱ्हाडांची इमारत बघायला गेलो होतो. कडेवर चार महिन्यांची लेक. मालकीणबाई तळमजल्यावरच राहायच्या. लेकीकडे बघून म्हणाल्या, बाळ असलेल्यांना देत नाही. फेडरल कायद्यात त्यांना तशी मुभा होती, हे मला फार नंतर कळलं. तो जिना उतरतानाचं मात्र अजून आठवतं. तुला सूट मिळते म्हणून वापरायलाच हवी असं नाही, बाई.

सम्या_एडिसन:
आईबाबांसाठी 55+ वसाहत बघताना आम्हालाही प्रश्न पडला होता, मुलांना नाही म्हणतातच कसे? तिथे वेगळी सूट आहे. किमान 80 टक्के घरांत एक तरी माणूस 55 किंवा त्याहून मोठं हवं, शिवाय वसाहतीचे तसे नियमही असावे लागतात.

आभा_जेसी:
मावशी, मेसेज बदलला: 'वरचा मजला, दोन बेडरूम, स्वतंत्र जिना, पाथ ट्रेनचं स्टेशन चालत दहा मिनिटं.' ग्रुपबाहेरही टाकलाय. शनिवारी तिघं जण बघायला येतायत. एकांचं बाळ सहा महिन्यांचं आहे, जिन्याला वर छोटं फाटक बसवून घेतेय.