मदत हवी आहे : वेगळ्या लिफ्टचा विषय सभेत कसा काढावा?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत पाटी लागलीय: घरकामाच्या मावश्या आणि डिलिव्हरीवाल्यांनी फक्त सामानाची लिफ्ट वापरायची. ती बंद पडली की मावश्या ११ मजले जिन्याने चढतात. कुत्र्यांना मात्र मेन लिफ्ट चालते! विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘स्वच्छता’ आणि ‘सुरक्षितता’. जातीचं नाव कोणी काढत नाही, पण नव्या भाडेकरूला आधी आडनाव विचारतात.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली हे मला ठाऊक आहे. ते सभेत वाचून दाखवलं तर नुसती भांडणं होतील आणि राग मावश्यांवर निघेल. त्यांची कामं सुटायला नकोत.

वार्षिक सभेत असा विषय कुणी मांडलाय का? पत्रात काय लिहिलंत? मावश्यांशी आधी बोलावं ना?